मंगळवार पेठेतल्या पेटीवाल्या काकांना

काका, सा. न.

आजोबांच्या जुन्या ग्रामोफोन तबकड्या संगणकावर उतरवून पाहुण्यारावळ्यांत वाटल्याचं मी मोठ्या फुशारकीनं सांगत होतो. तुम्ही एक ऐकलीत आणि म्हणालात, "गडी पोरीगत का गातोय रं?" तोवर मला वाटायचं, जुन्या नटांचे आवाजच तसे पातळ.

मी म्हटलं, वेग बरोबर मिनिटाला ७८ फेरे आहे, पट्ट्यांची चकती ठेवून तपासलाय; वेग जुळला की लुकलुकत्या दिव्याखाली तिच्या पट्ट्या थांबल्यासारख्या दिसतात. खरं तर आमच्या एलईडीखाली त्या ७७ पट्ट्या थांबतच नव्हत्या. तुम्ही जुना पिवळा बल्ब लावल्यावर थांबल्या. पण चकती सांगते ती यंत्राचा वेग. तबकडी कुठल्या वेगानं कापली, ते तिला काय माहीत! १९२५च्या आधीची, मायक्रोफोनऐवजी भोंग्यासमोर गायलेली रेकॉर्ड सत्तरपासून ऐंशीच्या पुढंपर्यंत कुठंही असू शकते, हे मला त्या दिवशी कळलं.

मग तुम्ही पेटी उघडलीत. गायकाचा सा पेटीच्या काळी एक आणि पांढरी दोन या शेजारशेजारच्या पट्ट्यांच्या अगदी मधोमध लोंबकळत होता. "साथीला पेटी हाय न्हवं? मग सा पट्टीवर बसाय पायजे." वेग पावणेशहात्तरच्या आसपास आणला की काळी एक, ऐंशीच्या जरा वर नेला की पांढरी दोन. दोन्ही सुरात! मी गोंधळलो. तुम्ही डोळे मिटून दोन्ही ऐकलंत. ऐंशीला तानेचे दाणे एकमेकांवर चढत होते, 'आ'कार चिमटल्यासारखा येत होता. खाली आणल्यावर तबल्याचा 'ना' लाकडासारखा टणक वाजला आणि आवाजाला छाती आली. काळी एक ठरली. त्या काळची पेटी आजच्या पेटीशी तंतोतंत जुळेलच असं नाही, हेही तुम्हीच बजावलंत, म्हणून शेवटचा कौल कानाचा.

तबकडीच्या शेवटी सा किंचित सरकतो, तेही तुम्हीच पकडलंत. मी तीच ओळ पाच वेळा लावली तेव्हा कुठं मला ऐकू आलं.

आईला नवी प्रत ऐकवली. ती भाकरी थापता थापता थांबली, "हा आप्पांच्या आवडीचा बुवा वाटतोय आता." पैसे तुम्ही घेतले नाहीत, चहाही अर्धाच प्यायलात, म्हणून हे चार शब्द.

अजून एकोणीस तबकड्या चुकीच्या वेगात पडून आहेत. गुरुवारी संध्याकाळी येतो. पेटी मी उचलीन, तुम्ही फक्त पट्टी धरा.

तुमचा,
शिवाजी पेठेतला घाईखोर