रात्रपाळीला किती जणी? आरोग्यमंत्र्यांना एका परिसेविकेचं खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य,
महाराष्ट्र राज्य

विषय : प्रत्येक वॉर्डातली रुग्णसंख्या आणि ड्युटीवरच्या परिचारिकांची संख्या पाळीनिहाय जाहीर करण्याबाबत.

मा. साहेब,

सप्रेम नमस्कार. निवेदनं तुमच्याकडे गठ्ठ्याने येतात, त्यात आमचीही आहेत. पोच आमच्याकडे आहे, गोल शिक्क्यासकट. त्या फाईलमध्ये आणखी एका कागदाची भर नको, म्हणून या वेळी चारचौघांना वाचता येईल असं पत्र लिहिते आहे. मी एका जिल्हा रुग्णालयात परिसेविका आहे, म्हणजे वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर. आमच्या परिचारिका संघटनेच्या जिल्हा कार्यकारिणीतही काम करते.

जुलै २०२५ मध्ये राज्यभरातल्या परिचारिका आझाद मैदानावर आल्या, मग काम बंद झालं. सातव्या वेतन आयोगातल्या त्रुटी आणि कंत्राटी भरती हे मुद्दे होते. मे २०२२ मध्येही बाह्यस्त्रोत भरतीच्या विरोधात आम्ही संपावर होतो. संप झाला की पुढचं सगळं ठरलेलं असतं. नर्सिंगच्या विद्यार्थिनींना वॉर्डात उभं करतात, मेस्माचं, म्हणजे संपबंदी आणणाऱ्या अत्यावश्यक सेवा कायद्याचं, नाव निघतं आणि पेपरात ‘रुग्णांचे हाल’ असा मथळा येतो. हाल आदल्या दिवशीही होतेच, तेव्हा कॅमेरा आत आलेला नसतो इतकंच.

संप मिटला की सभासद पांगतात. हे दरवेळचं आहे, आणि त्यात त्यांचा दोष नाही. परिचारिकांची सभा घेणं किती अवघड असतं ते पुरुषांच्या संघटना चालवणाऱ्यांना सांगूनही पटत नाही. सकाळी आठ ते दोनवाल्या ओव्हर देऊन, म्हणजे पुढच्या पाळीला पेशंट सोपवून, सुटेपर्यंत अडीच वाजतात, तोवर पोर शाळेतून येऊन शेजाऱ्यांकडे बसलेलं असतं. दुपारवाल्या नुकत्याच आलेल्या, त्यांना वॉर्ड सोडता येत नाही. नाईटवाल्या झोपेत. मग सभा भरते चेंजिंग रूममध्ये, उभ्याउभ्याने. एक जण गणवेश घडी करून पिशवीत कोंबतेय, दुसरी सकाळचा डबा आत्ता उघडतेय, तिसरी फोनवर ‘निघालेच’ म्हणतेय. तेवढ्यात संघटनेचं जे काय सांगायचं ते सांगायचं. वर्गणीची पावती फाडताना प्रश्न ठरलेला : ‘‘सिस्टर, संघटना देते काय?’’ एकीने तर बजावलंच होतं, ‘‘बदलीची फाईल हलवा, वर्षाची वर्गणी एकरकमी देते.’’

यंदा आम्ही भाषण बंद करून उलट एकच प्रश्न विचारायला लागलो : काल नाईटला तुझ्या वॉर्डात पेशंट किती होते, आणि तुम्ही किती जणी होतात?

या प्रश्नाने जे केलं ते संपानेही केलं नव्हतं. ज्या कधी ग्रुपवर ‘गुड मॉर्निंग’च्या पुढे गेल्या नाहीत त्यांचे पहाटे चारला आवाजी मेसेज यायला लागले. बंधपत्रित मुली, म्हणजे शिक्षणाच्या बाँडपोटी सरकारी नोकरी करणाऱ्या, बोलल्या. संघटनेच्या नावाने दचकणाऱ्या, करार अकरा महिन्यांचा म्हणून कुठे सही न करणाऱ्या कंत्राटी मुलींनीही आकडे पाठवले, फक्त ‘नाव लिहू नका’ म्हणाल्या. ब्रदर लोकांनी, म्हणजे पुरुष परिचारकांनी, मनोरुग्ण वॉर्डातले पाठवले. आमची वही भरली. ते आकडे मी इथे छापणार नाही. कुठल्या रुग्णालयातला कुठला वॉर्ड ते ओळखणाऱ्याला लगेच ओळखू येतं आणि मेमो त्या मुलीच्या हातात पडतो. पण आकड्यांमागची रात्र कशी असते ते सांगू शकते.

खाटा मंजूर आहेत तेवढ्याच. बाकीचे पेशंट दोन खाटांच्या मध्ये, भिंतीकडेला, व्हरांड्यात गाद्यांवर. रात्री दोन वाजता एकाला रक्त लावलंय. रक्त सुरू केल्यावर पहिली पंधरा मिनिटं पेशंटजवळून हलायचं नसतं. रिअ‍ॅक्शन आली तर बहुधा तेव्हाच येते, थंडी वाजते, अंगावर गांधी उठतात, श्वास लागतो, आणि रक्त ताबडतोब थांबवावं लागतं. हे आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवतात. त्याच पंधरा मिनिटांत दुसऱ्या टोकाचं सलाईन संपतं, एक म्हातारे गृहस्थ कॅथेटर ओढून काढतात आणि अपघात विभागातून फोन येतो, ‘‘सिस्टर, एक अ‍ॅडमिशन पाठवतोय.’’ वॉर्डात ती एकटी आहे. तिने कुठे उभं राहायचं? सकाळी चार्टवर मात्र दर चार तासांचं तापमान, नाडी, रक्तदाब भरलेलं असतं. ते कसं भरलं जातं हे सकाळच्या राउंडला विचारण्यात अर्थ नाही.

नियम नाहीत असं नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, इतर रुग्णालयांत पाचांमागे एक आणि अतिदक्षता विभागात खाटेमागे एक. वर ३० टक्के रजा राखीव, कारण परिचारिकाही आजारी पडतात, बाळंत होतात. परिषदेच्या १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसविका आयोगाचा कायदा संसदेने केला. वॉर्डातलं गणित जिथल्या तिथे आहे. आम्ही पदं मागितली की उत्तर येतं, ‘आकृतिबंधानुसार (म्हणजे मंजूर पदांच्या तक्त्यानुसार) पदे भरलेली आहेत’ किंवा ‘भरतीची कार्यवाही सुरू आहे’. दोन्ही उत्तरं कागदावर खरी असू शकतात आणि रात्री वॉर्डात तरीही एकटीच असते, कारण मंजूर पदांतली एक प्रतिनियुक्तीवर, एक प्रसूती रजेवर, एक ओपीडीला आणि एक संगणकावर नोंदी करायला बसवलेली असते. मंत्रालयात पदं मोजतात. पेशंटला मोजावी लागतात ती समोर उभी असलेली माणसं.

आणि काही बिघडलं की तिथे समोर उभी असलेलीच सापडते. जानेवारी २०२१ मध्ये भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागून १० बाळं गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली, त्या दिवशी ११ रुग्ण गेले. दोन्ही ठिकाणी परिचारिकांवर गुन्हे दाखल झाले, नगरला तर अटक झाली. कोर्टाचं काम कोर्ट करेल, त्यावर मी बोलणार नाही. पण अग्निशमनाचा आराखडा, वायरिंग, एसीची देखभाल यातलं काय परिचारिकेच्या हातात असतं? ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाल्याचं समोर आलं तेव्हा उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि रिक्त पदांचा विषय राज्याच्या चर्चेत आला. महिनाभर राहिला. आमच्याकडे त्याला ‘सीझन’ म्हणतात.

हातात काय असतं तेही सांगते. डेड स्टॉक रजिस्टर, म्हणजे वॉर्डातल्या सामानाची नोंदवही, असतं. चादरी, ब्लँकेटं, बेडपॅन, किडनी ट्रे, मोडलेले स्टँड सगळं इन्चार्जच्या नावावर. मोडक्या वस्तूचं निर्लेखन होत नाही, म्हणजे ती नोंदीतून रीतसर काढली जात नाही, तोवर ती वस्तू सांभाळायची, म्हणून प्रत्येक जुन्या वॉर्डाला एक कोंदट खोली असते, तिथे गंजलेल्या खाटा रचलेल्या असतात. रिटायर व्हायच्या महिन्यात बाई पेशंट सोडून चादरी मोजते, ना-देय दाखला अडू नये म्हणून. हा विषय या पत्राचा नाही, पण आमच्या वहीत तो इतक्यांदा आला की लिहिल्यावाचून राहवलं नाही.

दुसरा असाच विषय चेंजिंग रूमचा. १९७३ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका अरुणा शानबाग ड्युटी संपवून कपडे बदलायला गेल्या असताना त्यांच्यावर हल्ला झाला. त्या अंथरुणाला खिळल्या, आणि पुढची ४२ वर्षं, २०१५ मध्ये त्या जाईपर्यंत, तिथल्याच परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. राज्याने २०१० मध्ये आरोग्यसेवकांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदा केला, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे त्यात. तरीही आतून कडी लागेल अशी खोली द्या, ही मागणी आमच्या यंदाच्या यादीत लिहावी लागली. दोन ठिकाणी कडी बसली, संघटनेच्या वर्गणीतून.

पगाराचं थोडक्यात. केंद्राने सातव्या वेतन आयोगात परिचारिकांना महिना ७,२०० रुपये नर्सिंग भत्ता आणि १,८०० रुपये गणवेश भत्ता ठरवला. तेवढाच आम्हाला द्या, हे मागणं जुनंच आहे. खासगीतल्या बहिणींचं हलाखीचं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर नेमलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही किमान २०,००० रुपये पगार असावा, असं सुचवलं होतं. शहरातल्या गल्लीबोळातल्या कुठल्याही नर्सिंग होममध्ये जाऊन विचारा, हसतील.

हे सगळं बघून पोरी जातात. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या राज्याने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात परिचारिका आहेत. जाऊ द्या, चांगलं कमावतील, आमची तक्रार नाही. तिथल्या वॉर्डात आपली पोरगी मोजली जाईल, आपल्या जिल्ह्यात मात्र तिची रिकामी जागा ‘कार्यवाही सुरू’मध्ये राहील.

तर मागणी. प्रत्येक सरकारी रुग्णालयाच्या प्रत्येक वॉर्डाबाहेर एक फळा लावा. त्यावर दर पाळीला दोनच आकडे : आत्ता दाखल रुग्ण किती, गाद्यांवरचे धरून, आणि आत्ता ड्युटीवर नोंदणीकृत परिचारिका किती. विद्यार्थिनी मोजू नका, संगणकावर बसवलेली मोजू नका. महिन्याच्या शेवटी ते आकडे विभागाच्या संकेतस्थळावर टाका. याला वित्त विभागाची मंजुरी लागत नाही, पदनिर्मिती लागत नाही, एक परिपत्रक पुरतं. खडू आम्ही आणू.

आम्हाला माहीत आहे की फळ्याने परिचारिका वाढत नाहीत. पण आकडा दाराबाहेर आला की नातेवाईक आमच्या अंगावर धावून यायच्या आधी तो वाचतील, वर्तमानपत्रवाल्याला सूत्रांची गरज पडणार नाही आणि विधानसभेत तारांकित प्रश्नाला उत्तर देताना तुमच्या अधिकाऱ्यांना पदांचा आकडा आणि माणसांचा आकडा वेगवेगळा द्यावा लागेल. त्यातून तुमचीही सोय होईल. वित्त विभागाकडे भरती मागायला जाताना तुमच्या हातात आमच्या वहीपेक्षा पक्कं काहीतरी असेल.

चर्चेसाठी वेळ द्यावी ही विनंती. बैठक दुपारी चारनंतर ठेवावी, म्हणजे सकाळपाळीवाल्यांना रजा न टाकता येता येईल. शिष्टमंडळात एक कंत्राटी परिचारिका असेल, तिचं नाव आम्ही आधी कळवणार नाही. आणि बैठकीचं इतिवृत्त त्याच दिवशी सहीनिशी मिळावं. मागच्या बैठकीचं अजून यायचं आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
एक परिसेविका
(संघटनेच्या जिल्हा कार्यकारिणीच्या वतीने)