डुगडुगणाऱ्या खुर्चीला खिळा नको

महोदय,

हाती घडवलेली सागवानी खुर्ची पिढ्यान्‌पिढ्या टिकते ती सांध्यांमुळे. पॉलिश हा नुसता वरचा थाट. माणूस मागे रेलला की सगळा ताण बाजूची पट्टी मागच्या पायाला मिळते त्या सांध्यावर येतो. तिथली कूस, म्हणजे पायाच्या खाचेत शिरणारं पट्टीचं कोरलेलं टोक, पट्टीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश जाड आणि हलक्या ठोक्याने खाचेत बसेल इतकी घट्ट हवी. लाकूड पुरतं वाळलेलं नसेल, तर कोल्हापूरचा पावसाळा सरून ऊन तापलं की कूस आकसते, सांधा हलतो. मग लोक खिळा ठोकतात! कूस चिरते, खिळा गंजतो, पुढची दुरुस्ती अवघड होते. जुना सरस (जनावरांच्या कातडी-हाडांपासूनचा गोंद) गरम पाण्याने सैल करून, खरवडून सांधा पुन्हा चिकटवता येतो. वेताची बैठक तुटली असेल, तर ती मात्र नव्यानेच विणून घ्यावी.

— एक वाचक, कोल्हापूर