जिप्सीचा मागचा बंपर

कोल्हापूर,
कार्तिक पौर्णिमा

प्रिय मित्रा,

तुझा निरोप मिळाला. मारुतीची जिप्सी घेतलीस, तीही मेटल हूड नसलेली, कापडी टपाची. वाचून इतका आनंद झाला की बायकोला स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं. निरोपाच्या शेवटी तू लिहिलंयस, "तुझ्या मागच्या बंपरचं ड्रॉइंग पाठव, इथं नाशकात सातपूरला एकजण दोन दिवसांत करून देतो म्हणतोय." ड्रॉइंग पाठवतो. पण नुसतं ड्रॉइंग पाठवायला हात धजावत नाही, म्हणून हे पत्र.

तुला गगनबावड्याचा तो दिवस आठवतोच. दुधाचा टेम्पो चिखलात बसलेला, पाऊस आडवातिडवा, आणि आपण दोघे मोठ्या उत्साहानं ओढायचा पट्टा जोडायला उतरलेलो. माझ्या गाडीला तेव्हा बाजारातून आणलेला तयार बंपर होता. काळाकुळकुळीत, जाडजूड, दोन बाजूंना शॅकल, म्हणजे पट्टा धरणारी पिनेची लोखंडी कडी, अडकवायचे दोन डोळे. मी पहिल्या गिअरमध्ये हळू पुढे घेतली. पट्टा ताणला, टेम्पो हलला नाही, मी जरा जास्त रेस दिली आणि मागून बंदुकीसारखा आवाज आला. उजवा डोळा मुळासकट उपटून शॅकलसह उलटा गेला आणि टेम्पोची जाळी फोडून आत घुसला. तू टेम्पोच्या दारापाशी उभा होतास. मी आरशात बघितलं तर तू दिसत नव्हतास. खाली उतरून तुझ्यापर्यंत पोचायला मला चार सेकंद लागली असतील. त्या चार सेकंदांबद्दल मी तुझ्याशी कधी बोललो नाही. आज बोलतोय.

तो तुकडा मी घरी आणला होता. रात्री दिव्याखाली धरून बघितला. साधारण तीन बोटं रुंद पट्टी, तिच्या कडेनं वेल्डची छान, माशाच्या खवल्यांसारखी रेघ. वरून बघणारा म्हणेल, काय सुंदर हात आहे. पण तुटलेली बाजू उलटी केली तर कडेला जेमतेम दीड मिलिमीटर चकचकीत धातू तुटलेला दिसत होता, आणि मधला सगळा भाग काळा, गुळगुळीत, जसा लोखंडाच्या कारखान्यातून आला तसा. म्हणजे तिथं दोन लोखंडं एकमेकांना चिकटलीच नव्हती. वेल्ड नुसता वर पसरला होता. दुसऱ्या दिवशी उद्यमनगरात आमच्या वेल्डर आण्णांना दाखवला. त्यांनी अंगठ्यानं चाचपून परत दिला आणि म्हणाले, "वर बसलाय, आत गेला न्हाई." मग जरा थांबून, "आन् आत गेला असता तरी काय? हा ज्या पत्र्याला लावला, तो पत्रा कशाला लावलाय?"

बंपरकडे बघताना हाच प्रश्न विचारायचा असतो. ओढ कुठं लागते आणि ती कुठं जाऊन थांबते? आपल्या गाडीला ओढ सोसणारी गोष्ट एकच, चासीचे, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचे, दोन दांडे. डोळ्यापासून दांड्यापर्यंत सलग लोखंड असेल तर तो बंपर. मध्ये कुठं नुसता पत्रा येत असेल तर ते गाडीच्या मागे लावलेलं खोकं आहे, कितीही जाड दिसो.

म्हणून नवा बंपर करताना आण्णांनी आणि मी उलटीकडून सुरुवात केली. आधी चासी, मग डोळे, सगळ्यात शेवटी बंपरचा आकार. जुना बंपर काढला, दांड्यांची टोकं तारेच्या ब्रशनं उघडी केली आणि मापाचे साचे म्हणून पुठ्ठे कापायला बसलो. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा सगळ्यात चांगला, तो वाकत नाही. पुठ्ठ्यावर दांड्यांची बोल्टची भोकं उतरवताना लक्षात आलं की माझ्या गाडीच्या डाव्या-उजव्या भोकांत तीन मिलिमीटरचा फरक आहे. कधीतरी मागून ठोकर बसलेली असणार. तुझी गाडी जुनी आहे, मागचा मालक माहीत नाही. तेव्हा माझे पुठ्ठे आधी लावून बघ, बसले नाहीत तर नवे काप. भोकं ओढूनताणून जुळवू नकोस.

बंपर दांड्यांना धरणारे ब्रॅकेट ८ मिलिमीटर प्लेटचे केले, प्रत्येक दांड्याला तीन बोल्ट. बोल्ट १२ मिलिमीटरचे, डोक्यावर ८.८ लिहिलेले. पहिला आठ म्हणजे तो ८०० मेगापास्कल ताणाला तुटतो, आणि पॉइंटनंतरचा आठ म्हणजे त्याच्या ८० टक्के ताणावर तो कायमचा लांबायला लागतो. डोक्यावर काहीच न लिहिलेला बोल्ट दुकानदार "तोच आहे, साहेब" म्हणून देईल, घेऊ नकोस. दुसरं म्हणजे दांडा आतून पोकळ आहे. आरपार बोल्ट घालून आवळलास तर दांड्याच्या भिंती आत दबतात, तू पाना फिरवत राहतोस आणि बोल्ट घट्ट झाल्यासारखा वाटतो. महिन्याभरात तो ढिला. आम्ही लेथवर जाड नळीचे तुकडे दांड्याच्या आतल्या रुंदीइतके कापून आत घातले, बोल्ट त्यांतून नेले. मग टॉर्कच्या पान्यानं ८० न्यूटन-मीटरला आवळले, आणि पाना कटकन वाजला तेव्हा पहिल्यांदा त्या जोडावर माझा विश्वास बसला.

डोळ्यांसाठी २० मिलिमीटर प्लेट गॅसनं कापली. पावणेपाच टनी शॅकलची पिन २२ मिलिमीटरची असते, म्हणून भोक २५ चं, आणि भोकाच्या भोवती सगळीकडून निदान तेवढंच लोखंड शिल्लक ठेवलं. आता नीट वाच. हा डोळा बंपरच्या तोंडावर बाहेरून चिकटवलेला नाही. समोरच्या प्लेटला चीर पाडली, डोळ्याची प्लेट त्या चिरेतून आत नेली आणि आत ती थेट चासीच्या ब्रॅकेटला वेल्ड केली, दोन्ही बाजूंनी. समोरच्या प्लेटलाही आतून-बाहेरून वेल्ड आहे, पण ती प्लेट उद्या कापून टाकली तरी डोळा दांड्यालाच धरून राहील. सातपूरच्या माणसाला बाकी काही सांगितलं नाहीस तरी चालेल, एवढं मात्र त्याच्यासमोर उभं राहून करून घे.

वेल्डिंगला आण्णांनी ७०१८ रॉड घेतले, तेही भट्टीत तापवलेले. हा रॉड ओलावा धरतो, आणि ओल्या रॉडचा वेल्ड नंतर आतून तडकू शकतो. आपल्याकडच्या पावसात पुडा फोडून टेबलावर ठेवलेला रॉड वापरणं म्हणजे पहिल्यापासूनच घात. कडा आधी ग्राइंडरनं तिरक्या घासल्या, म्हणजे वितळलेलं लोखंड तळापर्यंत जातं. गाडीवर फक्त टाके, म्हणजे वेल्डचे तात्पुरते ठिपके, मारले, बाकीचं सगळं काम बंपर खाली उतरवून. पेट्रोलची टाकी मागेच आहे, तिच्याजवळ ठिणग्या उडवायच्या नाहीत. टाके मारतानाही बॅटरीच्या दोन्ही वायरी काढल्या, इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉकेट काढलं आणि अर्थिंगचा चिमटा टाक्याच्या अगदी शेजारी लावला, म्हणजे करंट चाकांच्या बेअरिंगमधून फिरत नाही.

एक चूक माझ्या हातून झाली. समोरची प्लेट वरच्या प्लेटला जोडताना आण्णा जेवायला गेले होते आणि मी एका दमात टोकापासून टोकापर्यंत वेल्ड ओढला. गार झाल्यावर दोरी लावली तर मध्ये ९ मिलिमीटरचा बाक. सगळं कापून परत करावं लागलं, दीड दिवस गेला. दोन इंच इकडे, दोन इंच तिकडे, मध्ये गार होऊ द्यायचं, असंच ते काम आहे. घाई असेल तर हात लावू नये.

जाडीचं सांगतो, कारण तू "सहा एमएमचा कर" म्हणणार हे मला ठाऊक आहे. एक चौरस मीटर लोखंड दर मिलिमीटर जाडीला ७.८५ किलो भरतं. समोरची, वरची, खालची प्लेट मिळून पाऊण चौरस मीटरला थोडी कमी. चार मिलिमीटरमध्ये ती साडेएकवीस किलो, सहामध्ये बत्तीस. आमचा बंपर ब्रॅकेट, डोळे आणि स्टेपनीच्या दांड्यासह भंगारवाल्याच्या काट्यावर ४२ किलो भरला. आता हे वजन मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे ९० सेंटीमीटरवर लोंबतं, आणि दोन चाकांमधलं अंतर २३७५ मिलिमीटर. तराजूसारखं बघ. मागच्या कमानपाट्यांवर ४२ नाही, ५८ किलो येतात, आणि पुढची चाकं १६ किलोनं हलकी होतात. गाडीच मुळात जेमतेम हजार किलोची. चढावर पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग ऐकेनासं होतं. ताकद डोळ्यांत आणि ब्रॅकेटांत हवी, तिथं जाड वापर. उरलेलं अंग चारचंच पुरे.

आकाराचं फार नाही. दोन्ही कोपरे खालून वर तिरके कापले, नाल्यातून बाहेर येताना मागचं टोक जमिनीला घासत नाही. खालच्या प्लेटला पाणी जायला चार भोकं ठेवली. पावडर कोटिंग केलं नाही. दगड लागून टवका उडाला की त्याच्याखालून गंज पसरत जातो आणि घरी दुरुस्त करता येत नाही. इपॉक्सी प्रायमर आणि साधा मॅट काळा रंग. दर दसऱ्याला शस्त्रपूजेच्या आदल्या दिवशी हात फिरवतो.

स्टेपनीच्या दांड्यावर मात्र माझा फार जीव आहे. मागच्या दारावर मोठं चाक लटकलं की बिजागऱ्या झिजतात आणि दार खाली बसतं, तुझंही बसलं असेल. म्हणून चाक बंपरवरच्या वेगळ्या दांड्यावर घेतलं, दार उघडण्याआधी हा दांडा बाजूला फिरवायचा. त्याची बिजागरी म्हणजे गेटची बिजागरी नाही. लेथवर २५ मिलिमीटरचा खुंटा काढला, वर-खाली ३०२०५ नंबरची दोन टेपर बेअरिंग बसवली, नट जरा कडकच आवळला, ग्रीस निप्पल ठेवलं. दांडा बोटानं ढकलला तरी फिरतो आणि सोडला तिथं थांबतो. बंद करताना त्याचं टोक एका छोट्या उतरत्या पाटीवर चढून रबरावर बसतं. हे विसरू नकोस. चाकाचं वजन त्या पाटीवर हवं, कडीवर नाही. कडीवर आलं की शंभर किलोमीटरमध्ये खडखड सुरू होते आणि मग कडीच तुटते. पेट्रोलचा डबा मात्र तिथं लावू नकोस. मागून कुणी धडकलं तर पहिला तोच फुटेल. मी तिथं पाण्याचा कॅन ठेवतो.

चौकोनी पाइप घेताना जस्ताचा मुलामा दिलेला घेऊ नकोस. त्याचा धूर वेल्डरच्या छातीत जातो, रात्री थंडी वाजून ताप येतो. आण्णांनी तरुणपणी सोसलंय ते.

सगळं झाल्यावर लगेच चिखलात गेलो नाही. वर्कशॉपच्या खांबाला गाडीचं पुढचं टोक साखळीनं बांधलं, समोरच्या खांबाला दोन टनी चेन पुली, आणि तिचा हूक एका डोळ्यात. बंपर आणि बॉडीमधली फट आधी मोजून ठेवली होती. पुली हाताला जड जाईपर्यंत ओढली, सगळे लांब उभे. सोडल्यावर फट तेवढीच. मग दुसरा डोळा. आण्णांनी वेल्डवर रॉकेल लावून, ते पुसून, वर खडू घासून तडे बघितले, एकेक इंच. मी त्या माणसाच्या पाया पडलो.

आता तुला न आवडणारी गोष्ट. हा बंपर लावून तू नाशिक-पुणे रोज करणार असशील तर करू नकोस. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल करू देत नाही, आणि डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रानं सगळ्या राज्यांना क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करायला लिहिलंय. त्यामागचं कारण मला पटतं. आपल्या मागून येणारा मोटारसायकलवाला घसरला तर कंपनीचा पातळ बंपर वाकतो, हा वाकणार नाही. माझी गाडी पावसाळाभर मामांच्या शेतावर असते, तिथं हा चढतो. शहरात यायचं झालं की सहा बोल्ट काढून मूळचा बंपर लावतो, पाऊण तास लागतो. तुझा जुना बंपर भंगारात घालू नकोस.

आणि ओढताना, कुणाचीही गाडी असो, पट्ट्यावर मध्ये ओली गोणपाटं टाकायची आणि माणसांनी पट्ट्याच्या दीडपट लांब जायचं. त्या दिवशी मी तुला लांब हो म्हणालो नव्हतो.

पुठ्ठे उद्या एसटीच्या पार्सलनं टाकतो, गठ्ठा बांधून. प्रत्येकावर डावा-उजवा लिहिलंय, दुमडू नकोस. गठ्ठ्याच्या आत जुन्या धोतराच्या फडक्यात तो तुकडा आहे, गगनबावड्याचा. सातपूरला जाशील तेव्हा बरोबर ने आणि काम सुरू करण्याआधी त्या माणसाच्या हातात दे. तुटलेली बाजू वर करून.

वहिनींना नमस्कार, छोटीला पापा. गाडी घेऊन नक्की ये.

तुझाच,
उद्यमनगरचा दोस्त