खुब्याचे दुखणे आणि चुंबकीय उपचार

महोदय,

रक्तपुरवठा तुटून खुब्याचे हाड मरू लागले, तर विद्युतचुंबकीय उपचाराने वाचते, असे सांगितले जाते. पण मांडीच्या हाडाचा गोल माथा एकदा खचला, की तो पूर्ववत होत नाही. त्याआधीची अवस्था साध्या एक्स-रेत बहुधा दिसतच नाही, एमआरआय लागतो. दुखते जांघेत, कधी चक्क गुडघ्यात, म्हणून महिने वाया जातात. या उपचाराच्या अभ्यासांत कॉइल, म्हणजे चुंबकीय क्षेत्र निर्माण करणारी तारेची गुंडाळी, खुब्यावर रोज ८ तासांपर्यंत, कित्येक महिने लावलेली होती. आठवड्यातून दोनदा २० मिनिटांचे ‘पॅकेज’ हा वेगळाच प्रकार! सोबत दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात कुबडी हवी. दुखणे थांबले म्हणून ती परस्पर सोडू नये. पेसमेकर असल्यास कॉइल टाळावी. या दुखण्यामागे स्टेरॉइडचे औषध असू शकते, पण ते चालू असल्यास मनाने बंद करू नये.

– एक वाचक