सूचना : पूलच्या सॉल्ट क्लोरिनेटरची वायरिंग तपासणी

सर्व बंगलेधारकांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी १० पासून परवानाधारक वायरमन प्रत्येकाच्या पंपरूममध्ये येतील. घरी कोणीतरी थांबा.

क्लोरिनेटरची (पाण्यातल्या मिठापासून क्लोरीन बनवणाऱ्या यंत्राची) लाइन पंपाच्या टायमरनंतरच घेतलेली हवी, म्हणजे पंप चालू असेल तेव्हाच त्याला वीज मिळते. पंप बंद आणि सेल (क्लोरीन बनवणारा प्लेटांचा भाग) चालू राहिला तर आत हायड्रोजन साचतो, सेल फुटू शकतो. माझ्याच घरी क्लोरिनेटर थेट सॉकेटला जोडलेला निघाला, म्हणून ही कळकळ.

• ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि अर्थिंग हवेच.
• ‘लो सॉल्ट’ दिवा लागला की लगेच मीठ ओतू नका. आधी मेन स्विच बंद करून सेल काढा. प्लेटांवर पांढरा क्षार चिकटलेला असू शकतो; त्यामुळे मीठ पुरेसे असूनही दिवा लागतो.
• वायरमन येईपर्यंत वायरिंगला स्वतः हात लावू नका.

– सचिव