आप्पा, गोळी मनानं कमी करू नका

ती. आई-आप्पांस,
शि. सा. न.

काल व्हिडिओ कॉलवर आप्पांचे गाल गरगरीत दिसले. आई, तू म्हणालीस तब्येत सुधारली. नाही गं, ती प्रेडनिसोलोनची, डोळ्यासाठी दिलेल्या स्टेरॉइड गोळीची, सूज आहे. मग कळलं, कुणीतरी "स्टेरॉइड हाडं पोखरतं" म्हटलं आणि आप्पांनी परस्पर गोळी निम्मी केली.

आप्पा, रागवत नाही. दिवाळीत तुमचा डोळा लाल होता, तेव्हा कापसाची धूळ गेली असेल म्हणणारी मीच. ते मनातून जात नाही. पण इतके आठवडे गोळी घेतली की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं कमी करतं. एकदम तोडली तर गळून जायला होतं, बीपी पडतं, डोळ्याची आतली सूज उलटते. डॉक्टरांशी बोलले, उद्यापासून पूर्ण गोळी. तेच ती हळूहळू उतरवतील. हाडांची भीती खोटी नाही, म्हणून तर कॅल्शियम दिलंय. ते फ्रिजवर ठेवायला नाही.

आणि आई, तू साखर सकाळी उपाशीपोटी बघतेस, "चांगली आली" म्हणतेस. या गोळीची साखर दुपारनंतर चढते. जेवणानंतर दोन तासांनी बघत जा.

आता ऐका. मी तिकिटं काढली आहेत. आखाजीच्या आधी दोघांना पुण्याला आणते, दोन महिन्यांसाठी. लेकीनं माहेरी यायचा सण, आणि मीच तुम्हाला घरातून हलवतेय, कळतं मला. पण डोळ्याचं प्रेशर, मोतीबिंदू, दोन्ही या औषधानं वाढू शकतात, सारखं तपासावं लागतं. दर वेळी चोपड्याहून जळगाव, त्या उन्हात? केळीला ठिबक आहे, भाऊ बघेल. कळण्याचं पीठ आणून ठेवलंय, भाकरी इथेही होईल. आप्पांच्या खोलीला जाड पडदा लावलाय, उजेड टोचणार नाही.

खळ्यावर माझ्या डोळ्यात बाजरीचं कूस गेलं होतं. मी किंचाळत होते, आणि आप्पा उपरण्याचं टोक पिळून पिळून, फुंकर घालत, ते काढेपर्यंत उन्हात बसून राहिले. अजून तो ओला कपडा पापणीवर जाणवतो.

तोवर गोळी सकाळी नाश्त्यानंतरच, रात्री घेतली तर झोप उडते. बिबडे, पापड, लोणचं कमी. ताप बारीक असला तरी लगेच फोन, या गोळीत तो दबून राहतो. "माले काहीच व्हयेल नही" चालणार नाही, आप्पा.

गाडी रात्रीची आहे. गॉगल आणि उपरणं बॅगेत वरच ठेव, आई.

तुमची,
ताई