पाठ, सूप आणि मधला त्रिकोण

पुणे, १२ ऑगस्ट

प्रिय मन्या,

तुझं पत्र पोचलं. ‘माणसाची फिगर काढ नाहीतर नुसत्या आकार-रंगांचं अ‍ॅब्स्ट्रॅक्ट काढ, दोन्ही डगरींवर हात ठेवू नकोस,’ हा उपदेश आईलाही वाचून दाखवला. ती म्हणाली, मनोहर जेजे आर्ट स्कूलमध्ये होता तेव्हाही असाच बोलायचा.

जूनपासून तिलाच काढतोय. दुपारी ती खिडकीशी तांदूळ निवडत बसते, मी तिच्या मागे पाट टाकून. पहिली सात-आठ चित्रं अगदी गुणी आली, वाण्याच्या कॅलेंडरवर शोभतील अशी. मग एका दुपारी मला आई दिसेचना. पाठीचं एक मोठं वळण, पुढ्यात तिरपं सूप आणि दोहोंच्या कचाट्यात सापडलेला उजेडाचा त्रिकोण, एवढंच दिसत राहिलं. तो त्रिकोण आईइतकाच महत्त्वाचा वाटला, याची थोडी लाजही वाटली.

हे तेलरंगात मला जमलं नसतं. तिथे मी आधी आकृती बांधतो आणि मग मागची भिंत भरतो. पेस्टलचं, म्हणजे भुकटी सुटणाऱ्या रंगखडूचं, तसं नाही. टोकाने रेघ, आणि तोच खडू वेष्टण काढून आडवा ओढला की पट्टा. पाठीची कड काढता काढता मनगट वळतं आणि कडेची भिंत होते. आई नक्की कुठे संपते, हा निर्णय शेवटपर्यंत लांबवता येतो.

दोन वर्षांपूर्वी लेकीकडे लंडनला गेलो होतो, तेव्हा नॅशनल गॅलरीत फ्रेंच चित्रकार देगाची ती अंग पुसणारी बाई पाहिली. १८९० ते ९५च्या दरम्यानचं पेस्टल, साधारण मीटरभर रुंद-उंच. चेहरा दिसतच नाही. जवळ गेलो तर पाठ विरघळून नुसते रेघांचे थर उरले. चार पावलं मागे आलो तर बाई पुन्हा मान पुसतेय. कागदही सलग नाही, तुकडे जोडलेला. चित्र वाढलं की हा गृहस्थ कागद वाढवायचा. आपण आधी फ्रेमचं माप घेतो!

तू चित्रकार तय्यब मेहतांचा दाखला दिलास, तो तुझ्यावरच उलटतो. १९६९पासूनची, त्यांच्या चित्रांत माणसाला कापत जाणारी ती तिरकी रेघ आठव. ती पुसली तर माणूस सुटेल, आणि माणूस काढून घेतला तर रेघेला कापायला काही उरणार नाही. आता यात फिगर कुठली आणि अ‍ॅब्स्ट्रॅक्ट कुठलं, सांग. फक्त त्यांची रेघ सुरीसारखी चालते. माझ्याजवळ भुकटी आहे. ती कापत नाही, शेजारच्या रंगात शिरते.

बरं, माती कुठे खाल्ली तेही ऐक. चित्र जमलं या आनंदात भुकटी धरून ठेवणाऱ्या फिक्सेटिव्हचा फवारा भरपूर मारला. भुकटी भिजली, फिकट छटा बसल्या आणि माझा उजेडाचा त्रिकोण राख फासल्यासारखा झाला. दोन दिवस त्या कागदाकडे पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याच राखेवर फिकट पिवळ्याचे पाच-सहा आडवे फटकारे मारले आणि हात आवरला. वरून फवारा नाही. आता तो भाग बोट लावलं तरी निघेल, पण खालच्या करड्यामुळे आधीपेक्षा जास्त पेटलाय. पाठीची डावी कड मात्र अजून फार शहाणी दिसते. ती मोडायचा धीर होत नाही.

आईने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. ‘सूप बरोबर आलंय,’ म्हणाली.

गणपतीत येशीलच. येताना फोर्टातून जरा खरखरीत राखाडी कागद घेऊन ये, चार-पाच ताव. गुंडाळून आण, घडी घालू नकोस. मागच्या वेळी घातली होतीस.

तुझा,
बाळ्या